ओ-रिंगवरचा केस

प्रिय संज्या,

परवा फोनवर म्हणालास, "अरे, तार पुन्हापुन्हा वाकवली की तुटते, त्यात हवेचा काय संबंध?" तेव्हा घाईत होतो, हसण्यावारी नेलं. त्याच आठवड्यात माझी फजिती झाली.

व्हॅक्यूममध्ये निकेलच्या मिश्रधातूचा नमुना ६५० अंश सेल्सिअसला लावून घरी गेलो होतो. ओढ, सोड, ओढ, सोड, तेही मुद्दाम संथ. सकाळी बघतो तर गडी केव्हाच तुटलेला! तुकड्यांच्या तोंडावर निळी-जांभळी झाक. व्हॅक्यूममध्ये तुटलेलं तोंड लख्ख राहतं. रंग चढला म्हणजे हवा शिरली. शोधलं तर यंत्र हवाबंद करणाऱ्या रबरी ओ-रिंगवर एक केस. माझाच असणार. डोक्यावर उरलेत किती, त्यातला एक नेमका तिथे!

मायक्रोस्कोपखाली मात्र मजा होती. तुटलेला भाग खडीसाखरेसारखा, खडान्‌खडा सुटा. तडा धातूच्या कणांच्या सीमांवरून गेला होता. चांगल्या व्हॅक्यूममधल्या आधीच्या नमुन्यात तो सरळ कणांना कापत गेला होता.

होतं असं: प्रत्येक ओढीला तड्याचं टोक उघडतं, कोरा धातू बाहेर येतो आणि ऑक्सिजन त्याला लगेच धरतो. व्हॅक्यूममध्ये सोडल्यावर ते कोरे पृष्ठभाग थोडेफार पुन्हा चिकटू शकतात. मध्ये ऑक्साईड आलं की चिकटत नाहीत. शिवाय संथ चाचणीत ऑक्सिजनला कणांच्या सीमांमधून आत झिरपायला सवड मिळते. (कधी हेच ऑक्साईड बारीक तड्यात पाचरीसारखं बसून त्याला रोखतंही. हवा सरळमार्गी शत्रू नाही रे.)

गॉफ आणि सॉपविथ यांनी १९३२ मध्येच इंग्लंडात हवा काढून धातू जास्त टिकतो हे दाखवलं होतं, पण ते साध्या तापमानाला. तापलेल्या धातूचं कोडं जनरल इलेक्ट्रिक कंपनीतल्या कॉफिन या संशोधकानं १९७०च्या दशकात उकललं. ए-२८६ पोलाद, ५९३ अंश: हवेत चाचणी जितकी संथ, तितक्या कमी आवर्तनांत नमुना तुटे, व्हॅक्यूममध्ये वेग बदलून फारसा फरक पडेना. तोवर संथपणाचं पाप बहुतेक क्रीपच्या, म्हणजे तापलेला धातू ताणाखाली हळूहळू लांबत जातो त्या प्रकाराच्या, माथी मारलं जाई. क्रीप अगदी निर्दोष नाही, ताणून तासन्‌तास धरलं तर व्हॅक्यूममध्येही तो पोखरतोच.

नवी ओ-रिंग घातलीय, या खेपेला टोपी घालून! ते निळे तुकडे खणात ठेवलेत, आलास की दाखवतो. वहिनींना नमस्कार सांग.

तुझा,
नंदू