जेट मोठे केले म्हणून गाडी पळत नाही

संपादक महोदय,

हौशी ड्रॅग रेसिंगवरच्या (सरळ ट्रॅकवरची 402 मीटरची शर्यत) आपल्या पुरवणीतील लेखात क्रेट इंजिनाची ओळख चांगली करून दिली आहे. कारखान्यात पूर्ण जुळवून खोक्यात बंद येणारे इंजिन; अमेरिकेत शेवरलेचे 350 घनइंची, म्हणजे 5.7 लिटरचे व्ही-8 हे त्यातले ठळक उदाहरण. पण पुढचा सल्ला, ‘इंजिन बसवा, मेन जेट दोन नंबर मोठे करा, टायमिंग थोडे पुढे घ्या’ (जेट म्हणजे कार्बोरेटरमध्ये पेट्रोल मोजून सोडणारे बारीक भोकाचे बूच, टायमिंग म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ), हा मराठवाड्यात कुणी जसाच्या तसा पाळला तर पिस्टनचा बळी ठरलेला.

आपल्याकडे व्ही-8चे खोके मागवणारा विरळाच. हौशी मुलांना परवडते ते जिप्सीचे 1298 सीसी इंजिन, रिबोअर करून (सिलिंडर कापून मोठे करून), वर वेबर कार्बोरेटर चढवलेले. इंजिन कोणतेही असो, जेटला हात सगळ्यांत शेवटी लावायचा.

आधी कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरातला दाब गेजने मोजणे. इंजिन गरम, चारही प्लग बाहेर, बॅटरी फुल, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला. थ्रॉटल बंद ठेवून घेतलेला आकडा खोटा कमी येतो आणि चांगले इंजिन विनाकारण उघडले जाते. सिलिंडरांत दहा टक्क्यांपेक्षा जास्त फरक असेल तर कमी असलेल्यात चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजावे. आकडा चढला तर रिंगा, नाही चढला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. शेजारचे दोन एकदम कमी आले तर हेड गॅस्केट त्या दोघांच्या मधे गेले आहे असे धरून चालावे.

नव्याने बांधलेल्या इंजिनात पहिला स्टार्ट महत्त्वाचा. प्लग काढून ऑइलचा दिवा विझेपर्यंत सेल्फ मारावा, थांबत थांबत, म्हणजे स्टार्टर जळत नाही. मगच प्लग लावून सुरू करावे आणि आयडलला न सोडता पंधरा-वीस मिनिटे 2000 ते 2500 आरपीएमवर खाली-वर ठेवावे. त्यानंतर ऑइल काढून फिल्टर कापून बघावा. घड्यांत बारीक करडी भुकटी दिसणे ठीक. नखावर उचलता येतील असे चमकते तुकडे असतील तर बेअरिंग बघितल्याशिवाय ट्रॅकवर जाऊ नये.

आता जेट. वेबरच्या जेटवर 140 असेल तर भोक 1.40 मिमीचे. लेखातल्याप्रमाणे दोन नंबर चढून 150 टाकले की व्यास सात टक्केच वाढतो, पण क्षेत्रफळ जवळपास 15 टक्के. एवढे जादा पेट्रोल जळत नाही. ते सिलिंडरच्या भिंतीवरचे ऑइल धुऊन काढते आणि रिंगा घासतात. जेट सुईने किंवा ड्रिलने मोठे करण्याची पद्धत तर बंदच व्हावी. भोकाच्या तोंडाशी कंगोरा राहतो, आतला उतार बिघडतो आणि त्या जेटवरच्या नंबराला मग काही अर्थ उरत नाही.

त्यात आपली हवा. 18 अंशांच्या डिसेंबरातल्या पहाटे बसवलेले जेट मे महिन्यात 42 अंशांना तसेच असेल, तर हवेची घनता सात-आठ टक्क्यांनी उतरलेली असते. छत्रपती संभाजीनगर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर, म्हणजे मुंबईशी तुलना केली तर आणखी सहा टक्क्यांची तूट. हवा विरळ झाली की कार्बोरेटर पेट्रोल कमी करतो खरा, पण साधारण निम्म्याच प्रमाणात. मिश्रण आपोआप रिच (पेट्रोल जास्त) होते. म्हणून नुसत्या उन्हाचा विचार केला तर जेट लहान लागते, मोठे नव्हे.

उलट बाजूने ओढते ते ई-20, म्हणजे 20 टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल. शुद्ध पेट्रोलला हवा-इंधन प्रमाण (वजनाने एक भाग इंधनाला किती भाग हवा) 14.7 लागते, ई-20ला साधारण 13.5, म्हणजे तेवढ्याच हवेला आठ-नऊ टक्के जास्त इंधन. जुन्या पेट्रोलवर काढलेला जेटचा आकडा ई-20वर लीन (पेट्रोल कमी) पडतो, आणि फुल थ्रॉटलला लीन चाललेले इंजिन पिस्टनला भोक पाडून मोकळे होते. ऊन एकीकडे, इथेनॉल दुसरीकडे. अंदाजाने हा हिशोब जमत नाही. वाइडबँड सेन्सर (धुरातल्या ऑक्सिजनवरून मिश्रण मोजणारा) लावावा आणि फुल थ्रॉटलला लॅम्डा (प्रत्यक्ष हवा-इंधन प्रमाण भागिले त्या इंधनाला लागणारे प्रमाण) 0.86 ते 0.88 धरावा. मीटर पेट्रोलच्या मापावर असेल तर तोच आकडा 12.6 ते 12.9 दिसतो. ई-20 आहे म्हणून तो मनाने बदलू नये, कारण सेन्सर मुळात लॅम्डाच वाचतो. इथेनॉलने जुन्या रबरी नळ्या फुगतात, त्यांचे काळे कण फ्लोटच्या नीडलमध्ये (कार्बोरेटरच्या वाटीत येणारे पेट्रोल सोडणारी-थांबवणारी सुई) अडकतात. बहुतेकांना कार्बोरेटर खराब वाटतो तो इथेच.

गाडी सुटते झकास आणि तिसऱ्या गिअरमध्ये दम टाकते, तर दोष बहुधा जेटचा नसून पुरवठ्याचा. फ्लोट बाउल, म्हणजे कार्बोरेटरमधली पेट्रोलची वाटी, रिकामा होतो. पंप बदलताना मात्र मोठा इलेक्ट्रिक पंप थेट जोडू नये. वेबरला अडीच ते साडेतीन पीएसआय पुरतात. पाच-सहा पीएसआय दिले की नीडल बसत नाही आणि कार्बोरेटर ओव्हरफ्लो होतो. रेग्युलेटर लावावाच. रांगेत उभ्या गाडीत कार्बोरेटर तापून पेट्रोल उकळते, त्यासाठी खाली 10 मिमीचा बेकेलाइट स्पेसर हा स्वस्त इलाज आहे. पंपावर ओले फडके टाकणे म्हणजे तात्पुरता जुगाड.

सुटतानाच गुदमरते त्याचा तपास वेगळा. कार्बोरेटरमधून फट्ट आवाज आला तर लीन, काळा धूर काढत हळूहळू मोकळी झाली तर रिच. इंजिन बंद ठेवून कार्बोरेटरच्या तोंडात बघत लिव्हर हलवावा; लिव्हर हलताक्षणी पिचकारी सुटली पाहिजे. उशीर झाला तर अ‍ॅक्सिलरेटर पंपाचा डायाफ्राम बघावा.

टायमिंग बघायचा लुकलुकणारा दिवा (टायमिंग लाइट) लावण्याआधी पुलीवरची खूण खरी आहे का ते पिस्टन स्टॉपने (प्लगच्या भोकात बसवून पिस्टन अडवणारा बोल्ट) तपासावे. डिस्ट्रिब्युटरची व्हॅक्यूमची नळी काढून तोंड बंद करावे आणि 3500 आरपीएमच्या वर एकूण अ‍ॅडव्हान्स (ठिणगी पिस्टन वर पोचण्याआधी किती अंश पडते ते) 30 अंशांपासून सुरुवात करावी. ठोकल्याचा आवाज आला की दोन अंश मागे. प्लगच्या नंबरात नेहमी घोळ होतो: एनजीकेमध्ये मोठा नंबर म्हणजे थंड (उष्णता लवकर बाहेर टाकणारा) प्लग, बॉशमध्ये उलटे. लोडवर मिसफायर होत असेल तर गॅप 1.0वरून 0.8 मिमीवर आणून बघावा.

आणि 402 मीटरची स्लिप (फेरीनंतर मिळणारी वेळ आणि वेगाची चिठ्ठी) नीट वाचावी. एकूण वेळ वाढली पण शेवटचा वेग तोच राहिला, तर इंजिनाला हात लावायचा नाही. पहिल्या 60 फुटांचा आकडा बघायचा. गडबड टायरची हवा, क्लच किंवा सुटण्याच्या आरपीएमची असते. शेवटचा वेग पडला तरच बॉनेट उघडायचे, आणि दोन फेऱ्यांच्या मधे एकच गोष्ट बदलायची.

हे सगळे बंद ट्रॅकवर, परवानगीच्या स्पर्धेत. जालना रोडवर किंवा बीड बायपासवर रात्री गाड्या पळवणे हा मोटार वाहन कायद्याच्या कलम 189 खाली गुन्हा आहे, आणि इंजिन बदललेली गाडी आरटीओच्या नोंदीशिवाय रस्त्यावर आणता येत नाही. ती ट्रॅकपर्यंत टेम्पोत घालून न्यावी.

पुढच्या लेखात जेटचे आकडे छापलेच, तर सोबत त्या दिवशीचे तापमान आणि पेट्रोलचा प्रकारही छापावा, ही विनंती.

आपला,
एक वाचक, इंजिन रिबोरिंग व ट्यूनिंग व्यावसायिक
चिकलठाणा, छत्रपती संभाजीनगर