जुनी पेन्शन देणार म्हणता, मग वर्षनिहाय हिशोब द्या

संपादक महोदय,

स.न.वि.वि.

निवडणूक शिक्षक मतदारसंघाची असो की विधानसभेची, ‘जुनी पेन्शन देणार का?’ हा प्रश्न उमेदवाराला ठरलेला असतो. उत्तर ‘हो’ की ‘नाही’, एवढेच दुसऱ्या दिवशी छापून येते. त्यातून मतदाराच्या हाती काही लागत नाही. पेन्शनचे आश्वासन आज दिले तरी त्याचे बिल येते पंधरा-वीस वर्षांनी, आणि त्या बिलाची तजवीज आज कोण करणार, यावरच उमेदवारांची परीक्षा व्हायला हवी. ती व्हावी म्हणून हे सविस्तर पत्र.

आधी एका कर्मचाऱ्याचे गणित पाहू. निवृत्तीच्या वेळी मूळ वेतन ८० हजार आणि महागाई भत्ता सोयीसाठी ५० टक्के धरू. महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२ प्रमाणे, म्हणजे १ नोव्हेंबर २००५ पूर्वी लागलेल्यांच्या जुन्या योजनेत, मूळ पेन्शन ४० हजार आणि त्यावर महागाई २० हजार, असे ६० हजार दरमहा. यासाठी पगारातून वेगळी कपात नाही. महागाई भत्ता वाढला की पेन्शन वाढते आणि वेतन आयोग आला की पुन्हा निश्चित होते. मूळ पेन्शनचा ४० टक्क्यांपर्यंतचा भाग विकून एकरकमी पैसे घेता येतात. विकलेला भाग पंधरा वर्षांनी परत सुरू होतो.

राष्ट्रीय पेन्शन योजनेत, म्हणजे एनपीएसमध्ये, कर्मचाऱ्याचे १० टक्के आणि सरकारचे १४ टक्के दरमहा त्याच्या खात्यात जमा होऊन बाजारात गुंतवले जातात. निवृत्तीला ६० टक्क्यांपर्यंत रक्कम हातात मिळते, किमान ४० टक्क्यांची वार्षिकी, म्हणजे दरमहा ठराविक रक्कम देणारी पॉलिसी, विमा कंपनीकडून घ्यावी लागते. वार्षिकीचा दर ६ टक्के धरला तर महिना ६० हजारांसाठी १ कोटी २० लाख रुपये वार्षिकीतच घालावे लागतील. किमान ४० टक्केच घालायचे ठरवले तर खात्यात एकूण ३ कोटी हवेत. शिवाय साधी वार्षिकी घेतली तर पहिल्या महिन्याचा आकडाच शेवटपर्यंत राहतो, महागाई कितीही वाढो. कर्मचाऱ्यांचा राग इथे आहे आणि तो रास्त आहे.

केंद्राने २४ ऑगस्ट २०२४ रोजी युनिफाइड पेन्शन योजना मंजूर केली, दुसऱ्याच दिवशी महाराष्ट्र मंत्रिमंडळाने ती स्वीकारली. शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या ५० टक्के पेन्शन, त्यावर महागाई, मृत्यूनंतर जोडीदाराला ६० टक्के, दहा वर्षांच्या सेवेला किमान १० हजार. सभेत हे ऐकले की जुनीच योजना परत आली असे वाटते. प्रत्यक्षात १० टक्के कपात चालूच राहते, सरकारचा वाटा १८.५ टक्के होतो आणि त्यातला ८.५ टक्के सामाईक निधीत जातो. प्रत्येक पूर्ण सहामाहीमागे वेतन व महागाई भत्त्याच्या दहाव्या हिश्शाएवढी रक्कम एकदाच मिळते. आपल्या उदाहरणात २५ वर्षांसाठी ती १२ हजार गुणिले ५०, म्हणजे ६ लाख. स्वतःच्या खात्यातून ६० टक्क्यांपर्यंत रक्कम उचलता येते, पण त्या प्रमाणात पेन्शन कमी होते.

आता महाराष्ट्रात हमखास नजरेआड होणारी गोष्ट. केंद्राच्या या योजनेत पूर्ण ५० टक्क्यांसाठी २५ वर्षांची सेवा लागते. आपल्या राज्यात भरतीची वयोमर्यादा खुल्या गटाला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३ आहे, तर वर्ग चार सोडला तर निवृत्ती ५८ व्या वर्षी होते. पस्तिशीत नोकरीला लागलेल्याची सेवा २३ वर्षे भरते, त्या हिशोबाने त्याला ४६ टक्के, म्हणजे ४० हजारांऐवजी ३६,८०० मूळ पेन्शन. चाळिशीत लागलेल्या मागासवर्गीय उमेदवाराची सेवा १८ वर्षे, त्याला ३६ टक्के, म्हणजे २८,८००. वर्षानुवर्षे भरती रखडवल्यामुळे जो उशिरा लागला, त्यालाच पुन्हा पेन्शनमध्ये कात्री. ‘केंद्रासारखी पेन्शन देऊ’ म्हणणाऱ्या उमेदवाराला, उशिरा लागलेल्यांसाठी सेवेची अट किती वर्षांची ठेवणार, हे विचारलेच पाहिजे.

दुसरी अडचण खात्यातल्या जमेची. केंद्राच्या नियमात प्रत्येक कर्मचाऱ्याच्या खात्यासाठी एक अपेक्षित रक्कम धरली आहे. सगळे हप्ते वेळेवर भरले असते तर जेवढे जमले असते, तेवढी. प्रत्यक्ष शिल्लक त्याहून कमी असेल तर फरक भरायचा, नाही तर कमी पेन्शन घ्यायची. महाराष्ट्रात १ नोव्हेंबर २००५ पासून लागलेल्यांसाठी आधी परिभाषित अंशदान योजना (हप्ता ठरलेला, पेन्शन न ठरलेली) होती, मग ती खाती एनपीएसकडे वळवली गेली. जिल्हा परिषदा आणि अनुदानित शाळांतल्या अनेकांच्या सुरुवातीच्या काही वर्षांच्या कपाती खात्यावर दिसत नाहीत, सरकारी हिस्सा जुळत नाही, हिशोबाच्या चिठ्ठ्या मिळालेल्या नाहीत. पगारपत्रकावर कपात आहे आणि प्रान (एनपीएसचा कायम क्रमांक) खात्यावर जमा नाही, असा महिना ज्याच्या नावावर आहे, त्याला ‘हमखास ५० टक्के’ ऐकवण्याआधी तो महिना शोधून द्यायला हवा. हे काम विधानसभेत भाषण करून होत नाही. पगार काढून वाटणाऱ्या आहरण व संवितरण अधिकाऱ्याकडचे पगारपत्रक, कोषागाराचे प्रमाणक (व्हाउचर) आणि प्रान विवरण ही तीन कागदपत्रे महिन्यागणिक ताडून पाहावी लागतात. हे काम अमुक तारखेपर्यंत पुरे करून घेईन, असे सांगणारा उमेदवार मला जुन्या पेन्शनच्या घोषणा देणाऱ्या दहा जणांपेक्षा जास्त उपयोगाचा वाटतो.

पक्षांच्या भूमिकांकडे वळू. एनपीएस केंद्रात १ जानेवारी २००४ पासून आली ती वाजपेयी सरकारच्या काळात. तिला कायद्याचा आधार मिळाला २०१३ मध्ये मनमोहन सिंग सरकारच्या काळात. महाराष्ट्रात जुनी पेन्शन बंद झाली तेव्हा विलासराव देशमुखांचे आघाडी सरकार होते. डिसेंबर २०२२ च्या नागपूर अधिवेशनात देवेंद्र फडणवीस यांनी १ लाख १० हजार कोटींच्या बोजाचा आकडा देऊन जुनी पेन्शन शक्य नाही असे सांगितले. महिन्याभरात विधान परिषदेचा प्रचार सुरू झाला आणि सरकार याबाबत नकारात्मक नाही, असा सूर लागला. नागपूर शिक्षक मतदारसंघात भाजप पुरस्कृत उमेदवार हरला. मार्चमध्ये राज्य कर्मचाऱ्यांचा सात दिवसांचा संप झाला, समिती नेमली गेली. दुसऱ्या बाजूला हिमाचलमध्ये काँग्रेसने २०२२ ची निवडणूक या आश्वासनावर लढवली आणि जानेवारी २०२३ च्या पहिल्याच मंत्रिमंडळ बैठकीत ते पाळले. पण त्याच पक्षाच्या २०२४ च्या लोकसभा जाहीरनाम्यात जुन्या पेन्शनचा उल्लेख नव्हता. उद्धव ठाकरे यांनी सप्टेंबर २०२४ मध्ये शिर्डीत कर्मचाऱ्यांच्या पेन्शन अधिवेशनात सत्ता आल्यास जुनी पेन्शन देऊ असे सांगितले. पैसा कुठून, हे यांपैकी कोणीही वर्षनिहाय मांडले नाही.

आणि नेमकी हीच गोष्ट महत्त्वाची आहे. जुनी पेन्शन लागू केल्याच्या दुसऱ्या महिन्यापासून सरकारचे १४ टक्के वाचतात. कर्मचाऱ्याची कपात भविष्य निर्वाह निधीत, म्हणजे सरकारच्याच हाताशी येते. पहिली काही वर्षे तिजोरीला उलट आराम पडतो. २००६ मध्ये पंचविसाव्या वर्षी लागलेला कर्मचारी २०३९ मध्ये निवृत्त होणार, तिशीत लागलेला २०३४ मध्ये. बिल तेव्हापासून सुरू होणार आणि पुढे तीस-चाळीस वर्षे, कुटुंब पेन्शन धरून, चालणार. आज आश्वासन देणारा तेव्हा त्या खुर्चीत नसेल. सगळी राज्ये जुन्या योजनेकडे वळली तर एकूण भार एनपीएसच्या साडेचार पटीपर्यंत जाईल आणि २०६० पर्यंत दरवर्षी जीडीपीच्या ०.९ टक्के एवढी भर पडेल, असे रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०२३ च्या अहवालात मांडले आहे. शिवाय आधी एनपीएसमध्ये गेलेला पैसा राज्यांना परत देण्याची तरतूद कायद्यात नाही, हे केंद्राने संसदेत स्पष्ट केले आहे, आणि एनपीएसच्या हप्त्यांएवढी जी जादा कर्जमर्यादा राज्यांना मिळते, तीही जुन्या योजनेकडे वळलेल्या राज्यांकडून काढून घेतली गेली.

याचा अर्थ जुनी पेन्शन देऊच नये असा नाही. वाचलेले १४ टक्के दरमहा वेगळ्या पेन्शन निधीत टाकायचे, तो निधी चालू खर्चाला वापरायचा नाही आणि दर तीन वर्षांनी विमागणिताने, म्हणजे पुढची देणी मोजून, तपासून विधिमंडळापुढे ठेवायचा, एवढी अट कायद्यात घातली तर मी या मागणीला पाठिंबा देईन. अशी अट मान्य करणारा उमेदवार खरा समर्थक. जो ती टाळेल त्याला पेन्शन नको आहे, १४ टक्के हवे आहेत.

विधान परिषदेच्या उमेदवारांबाबत आणखी एक. राज्यात सात शिक्षक आणि सात पदवीधर मतदारसंघ आहेत आणि तिथे हाच मुद्दा सर्वात मोठा असतो. पण धन विधेयक, म्हणजे कर आणि सरकारी खर्चाचे विधेयक, परिषद नाकारू शकत नाही, फार तर चौदा दिवस थांबवू शकते. पेन्शनचे नियम वित्त विभाग करतो. त्यामुळे परिषदेच्या उमेदवाराने ‘जुनी पेन्शन आणून देतो’ म्हणणे त्याच्या हातात नसलेले काही देऊ करणे आहे. त्याच्या हातात प्रश्न, लक्षवेधी आणि पाठपुरावा आहे, आणि त्यातून ठोस कामे होतात. उदाहरणार्थ, पदाची जाहिरात १ नोव्हेंबर २००५ पूर्वीची पण नियुक्ती नंतरची, अशा सुमारे २६ हजार जणांना जुन्या योजनेचा पर्याय जानेवारी २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने मंजूर केला. त्याच तारखेआधी नेमणूक झालेले, पण शाळा शंभर टक्के अनुदानावर नंतर आली म्हणून वगळलेले शिक्षक मात्र न्यायालयाच्या पायऱ्या चढत राहिले. शाळेला अनुदान कधी द्यायचे हे शासन ठरवते, आणि उशिराची शिक्षा शिक्षकाला. या शिक्षकांबद्दल भूमिका काय, हे प्रत्येक परिषद उमेदवाराकडून लेखी घ्यावे.

सरकारी कर्मचाऱ्यांची संघटना आहे म्हणून त्यांच्यावर एवढी चर्चा तरी होते. कारखाने, साखर कारखाने, सूतगिरण्या, खासगी कंपन्यांतून निवृत्त झालेल्यांची ईपीएस-९५ (कर्मचारी पेन्शन योजना, १९९५) पेन्शन २०१४ पासून किमान १ हजारावर थांबली आहे. तिचे सूत्र पेन्शनपात्र वेतन गुणिले सेवेची वर्षे भागिले ७०. वेतनमर्यादा १५ हजार, म्हणून मर्यादेवर पैसे भरणाऱ्याला ३५ वर्षांच्या नोकरीलाही साडेसात हजार. वर महागाई भत्ता नाही. वेतनमर्यादा वाढवणार का, आणि केंद्राचा १.१६ टक्क्यांचा वाटा किती करणार, हे प्रश्न लोकसभेच्या उमेदवाराचे आहेत; आमदारकीच्या उमेदवाराने यावर आश्वासन दिले तर त्याला तिथेच थांबवावे. इकडे माजी आमदाराला एका मुदतीसाठी दरमहा ५० हजार आणि पाच वर्षांपुढच्या प्रत्येक वर्षाला २ हजार जादा मिळतात, तेही पगारातून काही न भरता.

सर्वात तळाला गरीब वृद्धांसाठीची राज्याची श्रावणबाळ योजना. २०२४ च्या विधानसभा प्रचारात महायुतीने वृद्धांची पेन्शन १,५०० वरून २,१०० करण्याचे वचन दिले. त्यात केंद्राचा वाटा दारिद्र्यरेषेच्या यादीतल्यांपुरताच, तोही ७९ वर्षांपर्यंत फक्त २०० रुपये आहे. पण रकमेहून मोठा अडथळा पात्रतेचा आहे: त्या यादीत नाव नसेल तर कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत हवे, म्हणजे महिन्याला १,७५०. मजुरीवर जाणाऱ्या कोणत्याही घराचे खरे उत्पन्न याहून जास्त असते, त्यामुळे दाखला मिळवायचा तर खोटा आकडा लिहावा लागतो. जे तसे करत नाहीत ते पासष्टी उलटूनही बाहेर राहतात. रक्कम वाढवण्याची घोषणा सगळे करतात, मर्यादेला हात कोणी लावत नाही, कारण मर्यादा वाढली की लाभार्थी वाढतात आणि खर्च त्याच वर्षी दिसतो.

आपल्या वृत्तपत्राला विनंती आहे की पुढच्या निवडणुकीत प्रत्येक जिल्ह्यातील उमेदवारांकडून या मुद्द्यांची उत्तरे लेखी घेऊन शेजारीशेजारी छापावीत: वाचलेले १४ टक्के कुठे ठेवणार, उशिरा लागलेल्यांसाठी सेवेची अट किती वर्षांची, न जुळणाऱ्या कपातींसाठी कोणती तारीख, उशिरा अनुदानावर आलेल्या शाळांतल्या शिक्षकांचे काय, आणि २१ हजारांच्या जागी कोणता आकडा. ज्याने उत्तर दिले नाही त्याच्या नावापुढची जागा कोरी ठेवून छापावी.

आपला,
एक निवृत्त लेखा अधिकारी, सातारा