स्पीच थेरपिस्ट ताईंना, एका आईकडून

प्रिय ताई,

समोर बसून बोलायला गेले की मला रडू येतं, म्हणून लिहितेय. आणि सगळ्यांसमोर लिहितेय, कारण आमच्यासारखे आईबाप अजूनही दारोदार फिरत असतील.

माझी लेक घरी दिवसभर चिवचिव करायची आणि शाळेच्या फाटकातून आत गेली की गप्प. लहान गट संपला, मोठा गट निम्मा झाला, तरी बाईंनी तिचा आवाज ऐकला नव्हता. शूला जायचंय हेही सांगता येईना, म्हणून ती शाळेत पाणीच प्यायची नाही. बाटली भरलेली परत यायची. नातेवाईक विचारायचे, ‘तोंडात गुळणी धरलीय का?’ शाळेने हट्टी ठरवलं. एके ठिकाणी ४ महिने जिभेचे व्यायाम झाले. जिभेत बिघाड नव्हताच.

तुम्ही पहिल्या दिवशी तिला काहीच विचारलं नाहीत. कानांच्या तपासणीचा कागद पाहिलात आणि माझ्याकडे घरचे व्हिडिओ मागितलेत. भातुकलीत ती बाहुलीला दटावत होती, ते बघून म्हणालात, ‘बोलणं छान आहे हिचं. भीतीने आवाज फुटत नाही.’ पूर्वी याला ‘इलेक्टिव्ह म्यूटिझम’ म्हणत, जणू मूल ठरवून गप्प बसतं. १९९४ मध्ये डीएसएममध्ये, म्हणजे मानसिक विकारांच्या अमेरिकन सूचीत, त्याचं ‘सिलेक्टिव्ह’, म्हणजे ठरावीक ठिकाणीच गप्प होणं, असं झालं आणि २०१३ पासून ते चिंताविकारांत धरतात, हे तुमच्याकडूनच कळलं. तिला किती वेळा रागावले होते, ते आठवत त्या रात्री मी जागीच होते.

मग तुम्ही क्लिनिक सोडून शाळेत आलात. अडचण शाळेत आहे तर इलाजही तिथेच, हे पटवायला ३ हेलपाटे घातलेत. शाळा सुटल्यावर रिकाम्या वर्गात मी आणि ती आळीपाळीने अंक म्हणायचो. तुम्ही व्हरांड्यात. पुढच्या आठवड्यात दार किलकिलं. मग तुम्ही आत, पण पाठमोऱ्या. मग शेजारच्या बाकावर. एक दिवस मी सात म्हणाले, तिने आठ म्हटलं, नऊला मी थांबले आणि तुम्ही ‘नऊ’ म्हणालात. ती थबकली. मग हळूच, ‘दहा.’ टाळ्या वाजवायच्या नाहीत हे तुम्ही बजावलं होतंत, म्हणून मी ओढणी दातात धरून बसले.

याच वाटेने तुम्ही बाईंनाही आत आणलंत. ‘हो-नाही’चे प्रश्न नकोत, त्यावर नुसती मान हलवून भागतं, ‘लाल खडू की पिवळा?’ असं विचारा आणि मनात ५ मोजेपर्यंत थांबा. तिच्या वतीने मी उत्तर द्यायचं नाही, हे मात्र मला फार जड गेलं.

जूनमध्ये ती पहिलीत जाईल. नव्या बाईंसाठीही हे सगळं एका कागदावर लिहून द्याल ना?

परवा तिने वर्गात बाईंना सांगितलं, ‘बाई, शूला जाऊ?’ मला हे बाईंकडून कळलं. लेक काहीच बोलली नाही, दप्तर टाकून खेळायला पळाली. मी दप्तर उघडलं, तर बाटली रिकामी होती.

तुमची ऋणी,
तिची आई