आबांची ट्रंक उघडण्याआधी

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

दुसऱ्या महायुद्धात कैद झालेल्या आबांची माळ्यावरची ट्रंक काढणार आहात, म्हणून लगेच लिहिते. बाबा, कागद लॅमिनेट करू नका. वितळलेलं प्लास्टिक कागदात मुरतं, ते पुन्हा सुटत नाही. सेलोटेपही नको, त्याचा गोंद पिवळा पडून डाग धरतो. कडक झालेल्या घड्या जोर लावून उलगडू नका. आई, पदकं चिंचेनं घासू नकोस गं. हिंदी सैनिकांच्या आफ्रिका स्टार या युद्धपदकाच्या मागे सैनिकाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. घासून घासून ती अक्षरं पुसट होतात, आणि आपल्याला सगळ्यात आधी तो नंबरच हवा आहे. एका पलटणीत एकाच नावाचे कितीतरी जण असायचे, शिवाय इंग्रजी स्पेलिंग दर कागदावर वेगळं.

आबांनी छावणीतून धाडलेलं प्रत्येक कार्ड पुढून-मागून, रंगीत, ६०० डीपीआयवर स्कॅन करून घ्या. मजकुरापेक्षा शिक्के जास्त बोलतात. ‘पी.जी.’ (इटालियनमध्ये ‘युद्धकैदी’चं लघुरूप) आणि आकडा असेल तर छावणी इटलीतली. ९१ म्हणजे आवेत्सानो, तिथं हिंदी कैदी होते. ‘श्टालाग’ असेल तर जर्मन छावणी. आबांची मराठा लाइट इन्फंट्रीची दुसरी बटालियन २१ जून १९४२ ला लिबियातलं टोब्रुक पडलं तेव्हा कैद झाली. सप्टेंबर १९४३ मध्ये इटलीनं शरणागती पत्करल्यावर जर्मनांनी हाती लागलेले कैदी उत्तरेला हलवले. म्हणून भावकीतले ‘इटली’वाले आणि ‘जर्मनी’वाले दोघंही खरे असू शकतात.

आत्याचं बोलणं फोनवर रेकॉर्ड करा, पण उत्तर तिच्या तोंडी घालू नका. ‘खायला काय मिळायचं’, ‘बरोबर कोण होतं’ असं विचारा. स्वित्झर्लंडचं नाव आलं तर तिथंच थांबून खोदून विचारा: ११ मे १९४४ ला फ्रान्समधल्या एपिनालच्या छावणीवर बॉम्ब पडले, तेव्हा शेकडो हिंदी कैदी निसटून सीमेपलीकडे गेले. नेताजींच्या जर्मनीतल्या फौजेसाठीही कैद्यांतून भरती होत होती. आबा गेले असोत वा नसोत, आत्या सांगेल तसंच ठेवायचं. ती काय म्हणाली आणि कागद काय म्हणतो, हे वहीत वेगवेगळ्या रकान्यांत लिहा. दोन्हींची सरमिसळ झाली की पुढच्या पिढीला ते कधीच वेगळं करता येत नाही.

मग बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या अभिलेख कार्यालयाला अर्ज करू. नंबर, बटालियन, आबांच्या वडिलांचं नाव आणि तुमचं नातं सिद्ध करणारे कागद लागतील. जिल्हा मात्र ‘सातारा’ लिहायचा, कारण आपला वाळवा तालुका तेव्हा सातारा जिल्ह्यात होता. जिनीव्हाच्या रेडक्रॉसकडे दुसऱ्या महायुद्धातल्या कैद्यांची चौकशी नातेवाइकांना करता येते. तिथला फॉर्म मी भरते, तेवढा नंबर कळवा.

तुमची लेक