हिमाचलातल्या चितकुलच्या दादांना, ठाण्याहून

दादा, नमस्कार.

फोनवर हिंदीत बोलताना माझी गाडी ‘शुक्रिया’च्या पुढे जात नाही, म्हणून मराठीत लिहितेय. तुम्हाला वाचून कोण दाखवणार ते नंतर बघू.

टूरवाल्याच्या माहितीपत्रकात सगळं होतं: बास्पा नदी, बर्फाची शिखरं, माथी देवीचं लाकडी देऊळ. साडेतीन हजार मीटरच्या आसपास वसलेल्या गावात पंचाहत्तरीच्या माणसाला विरळ हवेची सवय व्हायला वेळ लागतो, एवढंच नव्हतं. बाबांचं डोकं सकाळपासून ठणकत होतं. त्यावर टूरवाल्याचं औषध एकच, लिंबूपाणी. दुपारी तर "आजोबा येतील सावकाश" म्हणत तो बाकीच्यांना घेऊन गाडीकडे निघूनही गेला. पैसे मात्र सगळे आगाऊ!

जूनचं ऊन. सकाळी ज्या ओढ्यातले दगड कोरडे होते, त्यांच्यावरून आता पाणी धावत होतं. ऊन चढलं की वरचं बर्फ वितळतं आणि दुपारनंतर ओढा फुगतो, हे आम्हाला तुमच्याकडून कळलं. तुम्ही पाठीवरची टोपली, तुमचा तो किल्टा, उतरवलीत. बाबांना धरा, असं मी म्हणताच बाबांनी मान उडवली. ठाण्याच्या तलावपाळीला रोज फेऱ्या मारणारा माणूस, कोणाचा हात धरेल तर शपथ.

मग तुम्ही पाण्यात उतरलात आणि हात पुढे करून म्हणालात, "बाबूजी, ज़रा मुझे पकड़ लीजिए, पत्थर फिसलते हैं."

मुझे! जन्म त्या पाण्याकाठी काढलेला माणूस! बाबांनी तुम्हाला घट्ट धरलं आणि "संभल के" असं तुम्हालाच बजावत पलीकडे गेले. तुम्ही प्रवाहाच्या वरच्या अंगाला राहून सगळं पाणी आपल्या पायांवर घेत होतात, ते मी बघत होते.

पुढचं लांबवत नाही. तुमच्या भाच्याच्या गाडीतून रकछमवरून खाली सांगल्याला आलो आणि रात्री बाबांनी भात मागून खाल्ला. तुम्ही पैसे घेतले नाहीत, भाच्याच्या हातात डिझेलपुरते मी कोंबले. मदत करणारे पुष्कळ भेटतात हो, पण समोरच्याची मान खाली जाऊ न देणारे फार थोडे.

बाबा अजून सोसायटीत सांगतात, चितकुलला एका पहाडी माणसाला मी ओढा पार करून दिला. मी दुरुस्त करत नाही.

थंडीत तुमच्याकडची कामं थांबली की ठाण्याला या. बाबांनी तुम्हाला मामलेदारची मिसळ खायला घालायचं ठरवून टाकलंय. तिखट कितपत सोसतं, तेवढं आधी कळवा.