कैद्याला त्याच्या भाषेत, मग पहारेकऱ्याला का नाही? संरक्षणमंत्र्यांना खुले पत्र

मा. संरक्षणमंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

स.न.वि.वि.

मी नागपूरचा निवृत्त शाळामास्तर. युद्धात पकडलेल्या सैनिकाशी कसं वागायचं, हे आपल्या जवानाला त्याच्या भाषेत शिकवा, ही मागणी घेऊन लिहितो आहे. बावीस वर्षं शाळेतली एनसीसी सांभाळली, त्यासाठीचं शिक्षण इथेच कामठीच्या अकादमीत घेतलं. लढाई मी पाहिलेली नाही, हे आधीच सांगून टाकतो. पण लढाईवर जाऊ शकणारी पोरं मात्र पुष्कळ पाहिली आहेत. त्यातली काही आज वर्दीत आहेत.

जानेवारीत कस्तुरचंद पार्कवरच्या संचलनाची तयारी चालू होती. जुन्या शाळेने सरावाला बोलावलं म्हणून गेलो. मधल्या सुट्टीत पोट्टे एका मोबाइलभोवती गोळा झालेले. मी डोकावलो. कुठल्याशा परक्या युद्धातला सैनिक, डोळ्यांवर पट्टी, गुडघ्यांवर बसवलेला, आणि कॅमेरा धरणारा त्याच्या डोक्यात टपल्या मारतोय. पोरं हसत होती. वाईट पोरं नव्हेत ही, माझ्या हातून पाण्याची बाटली सुटली तर चार जण धावतील अशी.

मी विचारलं, हा उद्या तुमच्या हाती लागला तर काय कराल? हत्यार काढून घेऊ, हे सगळ्यांना माहीत होतं. मग पाणी द्याल का, म्हटलं. एक जण ताडकन उठला, "त्याले पाणी काहून द्यायचं सर? कालियासाहेबांसंग त्यायनं काय केलं होतं?"

प्रश्न रास्त आहे. कारगिलच्या वेळी पाकिस्तानच्या कैदेत पडलेल्या कॅप्टन सौरभ कालिया आणि त्यांच्यासोबतच्या पाच जवानांचे मृतदेह 9 जून 1999 रोजी परत मिळाले आणि त्यांच्यावर काय गुदरलं ते देशाने वाचलं. ते विसरा असं या पोराला सांगायची माझी प्राज्ञा नाही. पण त्याच कारगिलमध्ये पाकिस्तानने आपलेच सैनिक आपले म्हणायला नकार दिला, तेव्हा आपल्या जवानांनी त्यांचं त्यांच्या धर्माप्रमाणे दफन केलं, हेही मी त्याला सांगितलं. त्याला ते माहीत नव्हतं. युद्धकैद्यांना कसं वागवायचं ते ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय जिनिव्हा कराराचं तेरावं कलम सूड म्हणून कैद्यावर हात टाकायला साफ मनाई करतं, हेही माहीत नव्हतं. कुठून असणार? बावीस वर्षांत मी परेड घेतली, नकाशावाचन घेतलं, रायफल खोलून जोडून घेतली. या विषयावर एक तास घेतला नाही. दोष माझाही आहे.

महोदय, पाडाव झालेल्या सैनिकाचं नशीब दिल्लीत ठरत नाही. त्याने हात वर केल्यावरच्या पहिल्या काही मिनिटांत, वीस-बावीस वर्षांच्या, घाबरलेल्या, कदाचित नुकताच मित्र गमावलेल्या जवानाच्या हातात ते ठरतं. त्या मिनिटांत कोणी कायदा आठवत बसत नाही, अंगवळणी पडलेलं तेवढं हातून घडतं. करारातल्या बारीकसारीक गोष्टी वाचल्या की वाटतं, हे लिहिणाऱ्यांनी ती मिनिटं पाहिली असावीत. हत्यार काढून घ्या, पण हेल्मेट कैद्याकडेच राहू द्या, कारण तोफगोळे त्याच्याही डोक्यावर पडणार आहेत. ओळखपत्र, हुद्द्याच्या फिती, घरच्यांच्या आठवणीची चीजवस्तू काढू नका. पैसे घ्यायचे तर अधिकाऱ्याच्या हुकमानेच, आणि पावती देऊन. जखमीला उपचार. बाकीच्यांना लवकरात लवकर माऱ्याच्या टप्प्याबाहेर न्या. विचारपूस करा, पण नाव, हुद्दा, जन्मतारीख आणि सैनिकी क्रमांक एवढंच सांगायला तो बांधील आहे. पुढे तो गप्प राहिला तर मारहाण नाही, धमकी नाही, शिवीगाळसुद्धा नाही. आणि लोकांच्या तमाशापासून त्याला जपा. 1949 साली मोबाइल नव्हता, तरी ही ओळ आहे.

27 फेब्रुवारी 2019 आठवा. विंग कमांडर अभिनंदन यांना पाकिस्तानात जमावाने मारलं, तिथल्या सैनिकांनी सोडवलं, आणि मग त्यांचे व्हिडिओ जगभर फिरले. इथे वायुसेनानगर हाकेच्या अंतरावर. तर्रीपोह्याच्या गाडीवर माणसं घास हातात धरून फोनकडे बघत होती. आपल्या परराष्ट्र मंत्रालयाने जखमी अधिकाऱ्याच्या त्या प्रदर्शनावर जिनिव्हा कराराचाच दाखला देऊन आक्षेप घेतला, आणि तो बरोबरच होता. उद्या असाच व्हिडिओ आपल्या एखाद्या जवानाच्या फोनमधून बाहेर पडला, तर पुढच्या अभिनंदनसाठी तो आक्षेप कोणत्या तोंडाने घ्यायचा?

कोणी म्हणेल, हे सगळं भाबडेपण. 1971 कडे बघा. जनरल माणेकशा यांनी पूर्व पाकिस्तानातल्या फौजेला शरण येण्याची आवाहनं केली, त्यात सन्मानाने वागवण्याचा कौल होता. 16 डिसेंबरला ढाक्यात शरणागतीच्या ज्या कागदावर सह्या झाल्या, त्यातही आपल्या बाजूने जनरल अरोरांनी जिनिव्हा करारानुसार सैनिकाला साजेशी वागणूक देण्याची हमी लिहून दिली आहे. या कौलावर विश्वास बसला नसता तर ती फौज आणखी किती दिवस लढली असती आणि आपले किती जवान गेले असते, याचा हिशेब मांडून बघा. त्यांच्यासोबतचे नागरिक धरून सुमारे 93,000 माणसं आपल्या ताब्यात आली. नागपूरच्या उत्तरेला जबलपूरच्या छावणीत खुद्द त्या फौजेचे सेनापती जनरल नियाझी होते. सगळं गोमटंच होतं असंही नाही. काही छावण्यांत गोळीबार होऊन कैदी दगावले. लढाई थांबल्यावर कैदी विनाविलंब सोडावेत असं कलम असताना शेवटचे कैदी एप्रिल 1974 मध्ये परत गेले, त्यावरून आपल्याला अजून बोल लावले जातात. हेही शिकवावं, झाकू नये. इतिहासाच्या तासाला पानिपतावर जखमी इब्राहिमखान गारद्याला कैदेत मारलं, हे ऐकताना हीच पोट्टी मुठी आवळतात. म्हणजे कैद्याला मारणं हा अन्याय आहे, हे त्यांना आतून कळतं. फक्त कैदी आपला असला की कळतं.

आता मूळ मागणीवर येतो. कराराचं एक्केचाळिसावं कलम सांगतं की प्रत्येक छावणीत त्याचा मजकूर कैद्यांच्या स्वतःच्या भाषेत, सगळ्यांना वाचता येईल अशा जागी लावायचा. म्हणजे उद्या आपल्या छावणीत शत्रूच्या शिपायाला स्वतःचे हक्क स्वतःच्या भाषेत भिंतीवर वाचायला मिळतील. बाहेर बंदूक घेऊन उभा असलेला काटोलचा किंवा उमरेडचा पोरगा मात्र ते मराठीत कुठे वाचणार? हा करार सैन्यात आणि जमेल तिथे नागरी शिक्षणातही शिकवायचा, असं 127 वं कलम म्हणतं. आपल्याकडे 1960 पासून जिनिव्हा कायदा आहे. पण कायद्याच्या पुस्तकातली 143 कलमं कोणी खिशात घालून फिरत नाही. कामठीच्या गार्ड्‌स रेजिमेंटमध्ये देशभरची पोरं असतात, म्हणून एका मराठीनेही भागणार नाही. प्रत्येक मोठ्या भारतीय भाषेत खिशात मावेल अशी पुस्तिका काढा, सैनिकाच्या बोलीत, वकिलाच्या नव्हे.

आणि नुसती वाचायला देऊ नका. अग्निवीर साडेसतराव्या वर्षी येऊ शकतो आणि त्याच्या प्रशिक्षणाला महिने मोजके. त्यात रायफलच्या सरावासारखाच शरण आलेल्या माणसाचा सराव घाला. एकाने कैदी व्हायचं, एकाने झडती घ्यायची, तिसऱ्याने शिव्या देऊन डिवचायचं, बघू कोणाचा हात सुटतो. एनसीसीच्या शिबिरांतही हे सहज जमेल. कैद्यासमोर जवानाच्या खाजगी फोनवर बंदी, हा हुकूम तर उद्याच काढता येईल, त्याला छदाम खर्च नाही.

मराठी पुस्तिकेला माणूस लागला तर मी मोकळाच आहे. पेन्शन मिळते, मानधन नको.

त्या दिवशी पोरांच्या मागे उभी असलेली एक कॅडेट मुलगी सगळं झाल्यावर हळूच म्हणाली, "सर, तो धरला गेला हे त्याच्या मायले कोण सांगन?" मी तिला सांगितलं की धरल्यावर लगेच, किंवा छावणीत पोचल्यापासून फार तर आठवड्याच्या आत त्याला घरी कार्ड लिहू द्यावं लागतं, आणि पुढे महिन्याला निदान दोन पत्रं, चार कार्डं. तिने विचारलं, ते कार्ड दिसतं कसं? मला दाखवता आलं नाही. कराराच्या परिशिष्टात त्याचा नमुना आहे. पुस्तिकेत तेवढा जरूर छापा.

कळावे,

आपला,
एक निवृत्त शिक्षक, नागपूर