पंचवटीतल्या ताईंना, एका पावतीबद्दल

सप्रेम नमस्कार ताई,

पंचवटी म्हणजे गाडी, रामकुंडाजवळची नव्हे. नाशिककरांना हे सांगावं लागत नाही, पण हे पत्र हिंडत हिंडत तुमच्यापर्यंत पोचायचं तर वाटेत बाहेरगावचेही लोक वाचणार, म्हणून आधीच खुलासा. तुमचं नाव मी विचारलं नाही, नंबर घ्यायचा राहून गेला. दादरला तुम्ही उतरलात तेव्हा माझ्या हातात फक्त पावती उरली होती. म्हणून हे आभार असे चारचौघांत.

ओळख पटावी म्हणून सांगतो. मागच्या वर्षीचा आषाढ, सकाळची गाडी, खिडकीतून पाऊस आत येत होता. मी मुंबईला तांबाकाट्याच्या धातुबाजारात पत्र्याचा भाव बघायला निघालो होतो. आमचं भांडीबाजारात तांब्या-पितळेचं दुकान आहे. नाशिकरोड सुटल्यापासून मी फोनवर ज्यांच्याशी वाद घालत होतो ते आमचे वेबसाइटवाले. ४५,००० रुपये घेऊन त्यांनी साइट करून दिली, वर्षभराने ती उघडेना, आणि विचारलं तर म्हणे रिन्यूअलचे वेगळे. सगळ्या डब्याला ऐकू जाईल असा माझा आवाज चढला होता. फोन ठेवला तेव्हा तुम्ही म्हणालात, "काका, ऐकायला नको होतं, पण ऐकू आलं. डोमेन कुणाच्या ईमेलवर घेतलंय?"

डोमेन म्हणजे दुकानाची पाटी, इतपत मला ठाऊक होतं. ती पाटी दुसऱ्याच्या नावावर लागलेली आहे, हे त्या दिवशी कळलं. साइट पुन्हा बांधता येते, नाव एकदा हातचं गेलं की मिळवताना दमछाक होते, ट्रान्स्फरचा कोड लेखी मागा, असं तुम्ही सांगितलंत. मागितला. सतरा दिवसांनी मिळाला. त्या सतरा दिवसांवर वेगळं पत्र लिहिता येईल, पण ते आभाराचं नसेल.

मग मी विचारलं, आता हे स्वतःच शिकायचं म्हटलं तर बघायचं कुणाचं? मोबाइल उघडला की प्रत्येक जण वेबसाइट शिकवतोय. ‘सात दिवसांत साइट, महिन्याला लाख.’ तुम्ही लॅपटॉप उघडलात, तेवढ्यात गाडी घाटात शिरली आणि कसाऱ्यापर्यंत बोगद्यांनी रेंज खाल्ली. तेव्हा तुम्ही माझं पावतीपुस्तक मागून घेतलंत आणि एका कोऱ्या पावतीच्या पाठीवर लिहायला लागलात. डावीकडे नाव, उजवीकडे त्याच्याकडून काय घ्यायचं ते. खाली जाड रेघ मारून: ‘यापेक्षा जास्त नको. तीन महिन्यांनी निम्मी काढून टाका.’ ही शेवटची ओळ नसती तर मी दोनशे लोकांना फॉलो करून बसलो असतो आणि साइट अजून बंदच असती.

नावं तुम्ही मराठीत लिहिलीत, त्याने घरी मोठी मजा झाली. ‘योस्ट’, म्हणजे साइट गूगलवर सापडावी म्हणून तिला जोडायचं छोटं सॉफ्टवेअर (प्लगिन), मी ऐकू येतं तसं इंग्रजीत टाइप केलं आणि लगेच सापडलं. नंतर वाचलं की ते काढणारे डच, योस्ट डी वाल्क, आणि त्यांच्या नावाचं खरं स्पेलिंग ‘जे’ने सुरू होतं. परक्यांना उच्चार जमावा म्हणून कंपनीला त्यांनी ‘वाय’ लावला. म्हणजे माझी चूक त्यांनी आधीच धरून ठेवली होती! त्यांच्या प्लगिनमध्ये लाल, नारिंगी, हिरवे ठिपके येतात. सबंध दिवाळी मी ठिपके हिरवे करण्यात घालवली. धाकटी म्हणाली, बाबा, गिऱ्हाईक ठिपका बघत नाही, घंगाळ बघतं. तिचं बरोबर होतं. आता नारिंगी दिसला तरी मी जेवून घेतो.

वर्डप्रेस ही कुठली तरी कंपनी असावी, अशी माझी समजूत होती. तुमच्या पावतीवर त्यापुढे दोन नावं होती, मॅट मुलनवेग आणि माइक लिटल. एक अमेरिकेत, एक इंग्लंडमध्ये. बी-टू नावाचं ब्लॉग बनवायचं एक सॉफ्टवेअर बेवारस पडलं होतं, ते दोघांनी उचललं आणि २७ मे २००३ ला वर्डप्रेस म्हणून फुकट देऊन टाकलं. आज जगातल्या दर दहा साइटींमागे चारांहून जास्त त्यावर चालतात. ‘डॉट ऑर्ग’वर सॉफ्टवेअर आणि ‘डॉट कॉम’वर मुलनवेगांच्या ऑटोमॅटिक कंपनीची सेवा, हा फरक तुम्ही पावतीवर दोन चौकोन काढून दाखवलात. तेवढा एक फरक आधी कळला असता तर माझे निदान निम्मे पैसे वाचले असते. त्यांच्याच खाली सय्यद बल्खींची डब्ल्यूपीबिगिनर ही वर्डप्रेस शिकवणारी साइट, २००९ पासूनची. ‘अडलं की इथे’ एवढंच तुम्ही लिहिलं होतं, आणि मी खरंच अडलो की तिथेच जातो.

साइट बांधायची साधनं विकणाऱ्या ब्रँडची नावं तुम्ही वेगळ्या कोपऱ्यात लिहिलीत: विक्स, स्क्वेअरस्पेस, वेबफ्लो, शॉपिफाय. त्यांच्यापुढे कंस करून ‘बघायला’. मी विचारलं, घ्यायला नाही? तुम्ही म्हणालात, "घ्या की, पण ते दुकानदार आहेत हे विसरू नका. तुम्हीसुद्धा आहात." त्यांच्या पानांवर मी अजून जातो ते माल मांडायला शिकण्यासाठी. एका फोटोत एकच वस्तू, मागे मोकळी जागा. आमच्या दुकानात इंच मोकळा नाही, तेव्हा हे पचायला वेळ लागला. शॉपिफायची गोष्ट मात्र मी बाजारात सगळ्यांना सांगितली. टोबी लुटके कॅनडात बर्फावर घसरायच्या फळ्या विकायला निघाले, २००४ ची गोष्ट. त्यासाठी मनासारखं सॉफ्टवेअर मिळेना म्हणून स्वतःच लिहिलं, आणि २००६ पासून ते सॉफ्टवेअरच विकायला लागले. शेजारचे शेठ म्हणाले, म्हणजे भांड्यापेक्षा त्याच्या पिशवीला भाव आला.

आता ज्या नावाने खरा फरक पडला त्याकडे येतो. ‘गूगल सर्च सेंट्रल, जॉन म्युलर’ आणि पुढे ‘वेग’. गूगल साइटवाल्यांना सल्ला देतं ती ही जागा, आणि म्युलर तिथले. नवी साइट धाकटीने आणि मी मिळून उभी केली, तिच्यावर चाळीस भांड्यांचे फोटो टाकले. एकेक फोटो सहा-सात एमबीचा. मठारलेल्या हंड्यावरचा ठोका न् ठोका दिसला पाहिजे, असा माझा हट्ट. निफाडच्या एका गिऱ्हाइकाने फोन केला, "शेठ, तुमचा हंडा अजून वरून खाली उतरतोय." पान उघडताना फोटो खरंच पट्टीपट्टीने उतरत होता. गूगलचा हिशेब असा की पानावरचा सगळ्यात मोठा भाग अडीच सेकंदांच्या आत दिसावा. आमचा अकराव्या सेकंदाला दिसायचा. फोटो लहान करून वेबपी या हलक्या प्रकारात काढले, दोनशे केबीच्या आत आले, आणि ठोके तरीही दिसतात! हे कुणी मला दुकानात येऊन सांगितलं असतं तर मी मानलं नसतं.

दुसरी गोष्ट त्याच हिशेबातली. पान उघडत असताना खाली घसरायचं. बोट ‘मागवा’वर न्यावं तोवर वरचा फोटो उतरायचा, बटण सरकायचं आणि बोट भलतीकडेच पडायचं. दोन जणांनी तर चुकून बंब मागवला. फोटोची लांबी-रुंदी आधीच लिहून ठेवली की त्याची जागा राखून राहते, पान हलत नाही. पंगतीत ताटाआधी पाट मांडतात, तसलाच प्रकार.

केव्हिन पॉवेल हे नाव धाकटीचं झालं. कॅनडातला हा गृहस्थ सीएसएस, म्हणजे पानाचं रूप ठरवायची भाषा, शिकवतो. व्हिडिओ चालू असताना त्याचंच काही चुकलं तर ते कापून न टाकता तो तिथेच दुरुस्त करत बसतो. ती म्हणते, त्यानेच माझी भीती गेली. लोक साइट कशी वापरतात याचा अभ्यास करणाऱ्या नील्सन नॉर्मन ग्रूपचं मला पटलं ते एकच वाक्य, याकोब नील्सन यांचं: लोकांचा बहुतेक वेळ इतरांच्या साइटवर जातो. मी खरेदीच्या बटणावरचं पिशवीचं चित्र काढून तिथे हौसेने समईचं चित्र टाकलं होतं. कुणाला कळेना की दाबायचं कुठे. समई काढली, पिशवी आणली. ईथन मारकॉट यांचा २०१० चा लेख, ज्यातून एकच पान फोनवर आणि मोठ्या पडद्यावर नीट बसवायची रीत रुळली, तो धाकटीने वाचला. मला त्यातलं निम्मंच समजलं.

आणि ‘एक टाइप, मुंबई: अक्षरं’. फाँट घडवणाऱ्यांचं हे नाव तुम्ही सगळ्यात शेवटी, गाडी कल्याण सोडताना, घाईघाईने घातलंत. त्याचं महत्त्व मला तुमच्यामुळे नाही, अण्णांमुळे कळलं.

अण्णा म्हणजे माझे वडील. त्यांनी आयुष्यात कधी संगणकाला हात लावलेला नाही. साइट तयार झाली तेव्हा हौसेने त्यांच्यापुढे फोन धरला. त्यांनी चष्मा कपाळावर सारला, फोन डोळ्यांजवळ नेला, बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "कल्हईतला ल आपला नाही." मला वाटलं, नजर अधू झाली. ते पुढे म्हणाले, "कळशीतला श पण नाही." दुकानाची पाटी त्यांनी पेंटरकडून समोर उभं राहून रंगवून घेतली होती. त्या पाटीवर पाकळीचा ल आहे आणि देठाचा श. फोनवरचा ल दांड्याचा होता, हिंदीतला. पाटी आणि फोन शेजारी धरल्यावर मलाही दिसलं, आणि एकदा दिसल्यावर ते नजरेआड होईना. राज्य शासनाच्या २००९ च्या निर्णयातही मराठीसाठी पाकळीचा ल आणि देठाचा श सांगितलेला आहे, हे नंतर एका शिक्षकांनी सांगितलं.

मग पावती काढली. एक टाइपचे मुक्ता आणि बलू हे फाँट गूगलवर फुकट आहेत. त्यांच्यामागे लागून आम्ही देवनागरी फाँटांकडे पहिल्यांदा डोळे उघडून बघायला लागलो. अखेर शीर्षकांसाठी टिरो देवनागरी घेतला. त्याचे हिंदी, संस्कृत आणि मराठी असे वेगवेगळे फाँट आहेत, आम्ही मराठी घेतला. शिवाय धाकटीने शोधून काढलं की पानाच्या अगदी वरच्या टॅगमध्ये भाषा म्हणून ‘ईएन’ लिहिलेलं राहिलं होतं. तिथे ‘एमआर’ केलं. ज्या फाँटात मराठी वळणं दिलेली असतात त्याला यावरून कळतं की कुठला ल काढायचा. अण्णांना पुन्हा दाखवलं. ते म्हणाले, "हं." आमच्या घरात याच्यापेक्षा मोठं प्रशस्तिपत्र मिळत नाही.

एका नावाबद्दल थोडं. एरिक मायर, पुढे ‘जुना, जाणता, सीएसएस’. त्यांच्याबद्दल वाचताना कळलं की ब्राउझरला समजणाऱ्या रंगांमध्ये एक जांभळा आहे, ‘रेबेकापर्पल’, क्रमांक ६६३३९९. त्यांची सहा वर्षांची मुलगी २०१४ मध्ये गेली. तिला जांभळा आवडायचा. त्यांच्या क्षेत्रातल्या लोकांनी मिळून तो रंग तिच्या नावाने कायमचा त्या यादीत घातला. हे मी मोठ्याने वाचत होतो, बायको भाजी निवडत होती, तिचे हात थांबले. आमच्या साइटवर लिंकखालची बारीक रेघ त्या रंगाची आहे. तांब्याच्या रंगाशी ती जुळत नाही, तरी ठेवली आहे.

तीन महिन्यांनी निम्मी नावं काढली, तुम्ही सांगितल्याप्रमाणे. कोणती ते सांगत नाही, तुम्हाला वाईट वाटायचं. राहिलेल्यांत एक खूण सारखी दिसते. ते स्वतःचं जुनं सांगणं खोडून नवीन सांगतात, आणि खोडलं हे लपवत नाहीत. आमच्या कारागिरांतही ज्याचा हात चांगला तो वाकडा ठोका स्वतःच दाखवतो.

धंद्याचं म्हणाल तर फार मोठं काही झालेलं नाही. महिन्याला दहा-बारा ऑर्डरी, बऱ्याचशा गडू आणि तांबे. सिंहस्थ जवळ येतोय, तेव्हा गोदावरीचं पाणी न्यायला लहान गडू लागतील म्हणून ते पान वेगळं केलं आहे. तेही आम्हीच केलं, कुणाला फोन न करता. ते करताना मला घाटातला तुमचा पेन आठवला. गाडीच्या हेलकाव्याने अक्षर हलत होतं आणि तुम्ही दर बोगद्यात लिहायच्या थांबत होतात.

तुमच्यासाठी एक मठारलेला तांब्या बाजूला काढून ठेवला आहे. नाव घालायचं राहिलंय, कारण नावच माहीत नाही.

आपला,
पावतीपुस्तकवाले काका
भांडीबाजार, नाशिक

ता. क. ठाण्याला माझा चहा सांडला आणि पावतीच्या एका ओळीवर पडला. ‘रे’ एवढंच वाचता येतं, पुढे ‘मांडणी’ असं काहीतरी. धाकटीच्या मते ते रेचल अँड्र्यू असावं, कारण ग्रिडवर, म्हणजे सीएसएसमधल्या पान मांडायच्या रीतीवर, त्यांनी फार काम केलंय. मला ते कुणा रेगे किंवा रेवतीसारखं दिसतं. कोण ते कळवाल का?